पाच क्विंटल कापसाचा हिशेब

परीक्षा संपत आल्या की अचलपूर-परतवाड्यातल्या प्रत्येक संगणक क्लासच्या काउंटरवर एकच प्रश्न येतो : “सर, पोराले पह्यली लँग्वेज कोन्ती लावू?” या महिन्यात संचालक सभासदांची पत्रेही त्यावरच आली आहेत. बहुतेकांचे उत्तर ठरलेले : आधी सी, मग सी++, म्हणजे पाया पक्का होतो. हे उत्तर आता थांबवायला हवे.

पाया कसा पक्का होतो ते पाहा. सहावीचे पोर डॉसबॉक्समधल्या निळ्या पडद्यासमोर बसते. १९८७ साली बाजारात आलेल्या टर्बो सीची हेडर फाइल, व्हॉइड मेन, गेटसीएच पाठ करते. मग घरचा हिशेब मांडते : कापूस पाच क्विंटल, भाव ७,००० रुपये. दोन्ही इंट. गुणाकार केला की पडद्यावर उत्तर येते, उणे ३०,५३६! टर्बोचा इंट सोळा बिटांचा, ३२,७६७ च्या पुढे उलटतो, हे तुम्हाला ठाऊक आहे. “लाँग घे” म्हणून आपण मोकळे होतो. पोर मात्र आपल्यालाच गणित जमत नाही असे समजून घरी जाते. ज्याचा बाप कापूस विकून फी भरतो, त्याला पहिल्याच महिन्यात आपण हे देतो.

“बारावीला सी++ लागते” हे कारण अकरा वर्षांच्या मुलाला लागू नाही. सीबीएसईनेही सी++ सोडून पायथन घेतले. खरे कारण आपल्या कपाटातल्या जुन्या नोट्स आहेत. सरकारकडे बघूनही उपयोग नाही. २०२० च्या शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीत कोडिंग आणायचे ठरवले. पण कोणती भाषा, हे त्यात नाही. मुलगा शेवटी आपल्याच दारात येणार.

म्हणून स्पष्ट सांगतो. आठ ते अकरा वर्षांच्या मुलांना स्क्रॅच द्या. एमआयटीने २००७ साली ते फुकट खुले केले. ठोकळे जुळवताना सेमीकोलनची भीती नाही. लूप आणि कंडिशन हाताने कळतात. पेनड्राइव्हवरून ऑफलाइन बसते, नेट गेले तरी बॅच अडत नाही. एक्सपीच्या जुन्या यंत्रावर १.४ आवृत्ती चालते. बाराव्या वर्षापासून पायथन ३ लावा. विंडोज ७ असेल तर ३.८ आवृत्ती घ्या. त्यात व्हेरिएबलचे नाव देवनागरीत देता येते : कापूस गुणिले भाव, उत्तर ३५,०००.

आपल्या शेजारच्या रिद्धपूरशी ज्यांचे नाते आहे, त्या महानुभाव पंथीयांनी ‘भाषा कोणती’ हा प्रश्न सातशे वर्षांपूर्वीच सोडवला. त्यांचे ग्रंथकार केशिराज संस्कृतात लिहू पाहत होते, तेव्हा पंथप्रमुख नागदेवाचार्यांनी त्यांना अडवले. पंथातल्या म्हाताऱ्या बायांना ते कळले नसते. भाषा ठरवताना त्यांनी ऐकणाऱ्याकडे पाहिले.

संचालकहो, उन्हाळी बॅचच्या आधी दोन संध्याकाळी काढा. हा कापसाचा हिशेब स्वतः पायथनमध्ये लिहा. ज्यांना येतो त्यांनी शेजारच्या क्लासला शिकवा, ज्यांना येत नाही त्यांनी विचारायला लाजू नये. लहानांच्या यंत्रांवरून टर्बो काढून टाका. आणि जूनमध्ये नोट्स नकोत, आपल्या बॅचमधल्या एखाद्या पोराने स्वतः लिहिलेला घरचा हिशेब आम्हाला पाठवा. तो आम्ही पहिल्या पानावर छापू.