भांदकचे पाषाण आणि पुराणातील नगरे

भद्रावतीस, म्हणजे रेल्वेच्या वेळापत्रकात आजही भांदक म्हणून नोंदलेल्या गावी, भद्रनागाच्या देवळापासून विजासनच्या लेण्यांपर्यंत जो कोणी फिरेल, त्यास यौवनाश्व राजाची आणि त्याच्या श्यामकर्ण घोड्याची कथा ऐकल्यावाचून परतता यावयाचे नाही. कारण जैमिनीच्या अश्वमेधातील ज्या भद्रावतीहून भीमाने तो अश्व हरण करून आणला ती नगरी हीच, असा या भूमीचा परंपरागत समज आहे, आणि कवी श्रीधराच्या ओव्यांनी तो श्यामकर्ण महाराष्ट्राच्या घरोघरी पोहोचविला आहे. या समजाशी माझे भांडण नाही. गावाने आपले नाते पुराणाशी जोडावे, हा गावाचा अधिकारच आहे. परंतु त्या नात्यावर ‘उत्खननाने सिद्ध’ असा शिक्का जेव्हा कोणी उमटवू पाहतो, तेव्हा ते श्रद्धेच्या अंगणातून पुराव्याच्या कचेरीत येते, आणि तेथे कैफियत द्यावीच लागते.

अशी कैफियत न देताच जगाचे लक्ष वेधून घेणारा गृहस्थ म्हणजे अमेरिकेतील टेनेसी राज्याचा रॉन वायट. रुग्णालयात भूल देणारा हा परिचारक १९९९ साली निधन पावला. पण तत्पूर्वी नोहाचे तारू तुर्कस्तानात, फारोच्या रथांची चाके अकाबाच्या आखातात आणि कराराचा कोश जेरुसलेमच्या भूमीखाली आपणांस सापडल्याचे त्याने जाहीर केले होते. नौकेच्या आकाराची जी टेकडी त्याने तारू म्हणून दाखविली, ती १९५९ मध्येच एका तुर्की लष्करी अधिकाऱ्याच्या दृष्टीस विमानातून घेतलेल्या छायाचित्रांत पडली होती, दुसऱ्याच वर्षी तेथे जाऊन आलेल्या पथकाच्या हाती काही लागले नव्हते, आणि ती निसर्गनिर्मित भूरचना होय असा भूशास्त्रज्ञांचा निर्वाळा आहे. इस्राएलच्या पुरातत्त्व खात्याने त्यास उत्खननाचा परवाना कधीच दिला नव्हता. बायबलचे अक्षर न् अक्षर सत्य मानणाऱ्या त्याच्या धर्मबंधूंनीदेखील त्याचे दावे खोडून काढावेत, ही गोष्ट मला अधिक बोलकी वाटते. वायटजवळ पदवी नव्हती हा त्याचा अपराध मी समजत नाही. तो कोश त्याने दुसऱ्या कोणत्याही स्वतंत्र परीक्षकास पाहू दिला नाही, आणि कोशावर सापडल्याचे तो सांगे त्या रक्ताच्या ज्या परीक्षेचा तो हवाला देई तिचा अहवाल कधी प्रसिद्ध केला नाही, हा मात्र अक्षम्य अपराध होता.

पदवी आणि अधिकार असलेली माणसेही चुकतात, याचा दाखला आपल्याच चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांत आहे. सातव्या शतकात ह्युएन त्संग या चिनी यात्रेकरूने पाहिलेल्या कोसल देशाच्या राजधानीचा शोध घेताना भारताच्या पुरातत्त्व खात्याचे आद्य प्रमुख अलेक्झांडर कनिंगहॅम भांदककडे वळले, तर स्थापत्याचे इतिहासकार जेम्स फर्ग्युसन यांनी तो मान गडचिरोलीतील वैरागडास दिला; आज बहुतेक अभ्यासक ती राजधानी छत्तीसगडातील सिरपूर येथे मानतात. याहून उद्बोधक हकीकत आहे ती नागपूरच्या संग्रहालयातील एका शिलालेखाची. पांडुवंशी राजा भवदेव रणकेसरीच्या काळात एका बौद्ध मंदिराचा जीर्णोद्धार झाला, आणि ते मंदिर मूळ सूर्यघोष नामक राजाने, प्रासादाच्या माथ्यावरून पडून मृत्यू पावलेल्या आपल्या पुत्राच्या स्मरणार्थ बांधले होते, असे हा लेख सांगतो. पुत्रशोकाने व्याकुळ झालेल्या पित्याचे असे स्पष्ट चित्र आपल्या प्राचीन लेखांत क्वचितच भेटते. तो शिलालेख भांदकचा म्हणून वर्षानुवर्षे समजला गेला, कीलहॉर्नसारख्या पंडिताने तो संपादिला, आणि त्याच्या आधारे पांडुवंशाचे राज्य थेट आपल्या वर्धा नदीच्या खोऱ्यापर्यंत पसरविले गेले; परंतु महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी तो मूळचा छत्तीसगडातील आरंगचा असल्याचे दाखवून दिले. शिळा खरी, अक्षरे खरी, सूर्यघोषाचा शोकही खरा. केवळ ती कोठून उचलली याची खात्रीलायक नोंद न राहिल्यामुळे एका राजवंशाचा नकाशाच चुकला.

रावणाची लंका अमरकंटकच्या परिसरात होती असे प्रतिपादन करणारे इंदूरचे सरदार माधवराव किबे हेही वायटप्रमाणे व्यवसायाने पुरातत्त्वज्ञ नव्हते. परंतु त्यांनी आपली प्रमाणे छापून विद्वानांच्या स्वाधीन केली, आणि म्हणूनच पुढे डेक्कन कॉलेजचे डॉ. ह. धी. सांकळिया यांनी लंका मध्य भारतात शोधण्याच्या त्या मताचा गंभीरपणे विचार केला. लंका कोठे होती याचा निकाल कुदळीने अद्याप दिलेला नाही. पण वाद उघड्यावर चालला.

हौशी संशोधकाचा माझ्या मते आदर्श असलेला पुरुष तर धर्मोपदेशकच होता. स्कॉटलंडचे रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप १८४५ च्या सुमारास नागपूरला आले, शाळा काढली, गोंडांच्या लिंगोची कथा टिपून ठेवली, आणि दगडांतील जीवाश्म गोळा केले. मांगलीच्या खडकात मिळालेली एका प्राचीन उभयचराची कवटी त्यांनी आपल्याजवळ दडवून न ठेवता लंडनला धाडली. रिचर्ड ओवेन यांनी १८५५ मध्ये तिचे वर्णन करून तिला नाव दिले. १८६३ च्या सप्टेंबरात टाकळघाटची शिलावर्तुळे पाहून परतताना पुराच्या नाल्यात बुडून त्यांचा अंत झाला. ती स्थळे कोठे आहेत हे नोंदलेले असल्यामुळे सुमारे शंभर वर्षांनी नागपूर विद्यापीठाचे डॉ. शां. भा. देव त्याच टाकळघाटास कुदळी घेऊन जाऊ शकले, आणि विदर्भातील लोहयुगीन महापाषाण संस्कृतीचे दर्शन आपणांस घडले.

आज माजरी-भद्रावतीकडील उघड्या कोळसाखाणींत, तळ्यांच्या खोदकामात आणि नांगराच्या फाळाखाली जमीन ज्या वेगाने उलथली जात आहे, तो पाहता मला चिंता वाटते ती दावे करणाऱ्यांपेक्षा नोंद न करणाऱ्यांची. १८७८ चा निखात निधीचा कायदा, दहा रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा सापडल्यास सापडण्याची जागा आणि तारीख यांसह जिल्हाधिकाऱ्यांना लेखी खबर द्यावी, असे सांगतो. परंतु फुटकी मूर्ती, खापराचा तुकडा किंवा दगडी पाते यांस कोणी ठेवा समजत नाही, आणि ती वस्तू देवळाच्या ओट्यावर किंवा शाळेच्या कपाटात जाऊन आपले गाव विसरते. सिरोंचा, वरोरा, आरमोरी, भद्रावती, प्रत्येक तहसील कचेरीत याकरिता स्वतंत्र नोंदवही ठेवावी. तीत मौजे, गट क्रमांक, खोली, शोधकाचे नाव आणि वस्तू हलविण्यापूर्वीचे छायाचित्र ही रुजू व्हावीत. तलाठ्याने जागेवर पंचनामा करावा. आणि ती वही मागेल त्यास पाहावयास मिळावी, मग शोधणारा त्या वस्तूस यौवनाश्वाची म्हणो वा गोंड राजाची.