झाकली मूठ आणि चंद्र

चवथीच्या रात्री चंद्र पाहू नये, पाहिला तर चोरीचा आळ येतो, असं आमच्याकडे अजून पाळतात. स्यमंतक मण्याच्या गोष्टीत प्रत्यक्ष श्रीकृष्ण सुटला नाही, तिथे आपली काय कथा! गंमत म्हणजे चंद्रावर माणूस उतरला या घटनेवरही आळ यायचा थांबत नाही. माटोळीखाली बसून नेवऱ्या खाताना घरातलं एखादं कॉलेजात जाणारं पोर हमखास म्हणतं, "ते सगळं स्टुडिओत केलेलं हो!" त्या पोरावर मी रागावत नाही. वाचेल तेव्हा समजेल.

माझं भांडण आहे ते आमच्या भावोजींशी. ते शिकलेले, वाचणारे. त्यांचं म्हणणं असं: "रशियावाले शहाणे. फसलं तर गप्प बसायचे. आपल्या लोकांनी २०१९ साली विक्रम उतरताना सगळं थेट टीव्हीवर दाखवलं आणि जगात हसं करून घेतलं. झाकली मूठ सव्वा लाखाची!" बाकीच्यांनी माना डोलावल्या. घरात गणपती असताना वाद नको म्हणून मीही गप्प बसलो. आता मात्र लिहितो, कारण ही म्हण चंद्राच्या बाबतीत साफ खोटी ठरलेली आहे.

आधी रशियाचं श्रेय मोकळेपणाने देऊ या. चंद्रावर आदळलेलं पहिलं यान त्यांचं, लुना २, सप्टेंबर १९५९. चंद्राची मागची बाजू पहिल्यांदा दाखवली लुना ३ ने, त्याच वर्षी ऑक्टोबरात. आणि ३ फेब्रुवारी १९६६ रोजी चंद्रावर अलगद उतरलेलं पहिलं यान, लुना ९, तेही त्यांचंच. अमेरिकेचं सर्व्हेयर १ उतरलं त्यानंतर चार महिन्यांनी, २ जूनला. तेव्हा झाकलेल्या मुठीने काम अडतं असं मी म्हणत नाही. आतल्या इंजिनिअरांना काय चुकलं ते ठाऊक असायचंच.

पण मूठ झाकण्यासाठी काय काय करावं लागलं ते बघा. १९६३ ते १९६५ या काळात लुना ४ ते लुना ८ ही पाचही यानं फसली. कुणी चंद्राला चुकवून पुढे गेलं, कुणी आपटलं. मार्च १९६५ मध्ये एक यान पृथ्वीच्या कक्षेतूनच बाहेर पडलं नाही, तर त्याचं बारसं 'कॉसमॉस ६०' असं करून टाकलं. म्हणजे ते चंद्राकडे निघालंच नव्हतं! हे सगळं ज्याच्या देखरेखीखाली चाललं तो सर्गेई कोरोल्योव्ह १४ जानेवारी १९६६ रोजी वारला, लुना ९ उतरण्याच्या अवघे वीस दिवस आधी. जिवंत असेपर्यंत त्याचं नाव त्याच्या देशबांधवांना ठाऊक नव्हतं. वर्तमानपत्रांत तो नुसता 'मुख्य रचनाकार' असायचा. नाव छापून आलं ते मृत्यूनंतर.

आणि यश मिळालं तेव्हा? लुना ९ चे फोटो येऊ लागले, पण मॉस्को ते प्रसिद्ध करायला वेळ लावत होतं. इंग्लंडमधल्या जॉड्रेल बँक वेधशाळेने ते संदेश पकडले. वर्तमानपत्रांच्या कचेऱ्यांत फोटो पाठवायला जे यंत्र वापरतात तसाच हा आवाज आहे, हे तिथल्या लोकांच्या लक्षात आलं. त्यांनी एका दैनिकाकडून तसलं यंत्र मागवलं आणि रशियाचे फोटो रशियाच्या आधी लंडनमध्ये छापून आले. मूठ झाकायची एकदा सवय लागली की आतला सव्वा लाखही वेळेवर काढता येत नाही, तो असा!

पुढचं तर जास्त वाईट. माणसाला चंद्रावर नेण्यासाठी त्यांनी एन १ नावाचं प्रचंड रॉकेट बांधलं. पहिल्या टप्प्याला तीस इंजिनं, आणि ती सगळी एकत्र जमिनीवर पेटवून कधी तपासली नव्हती. ३ जुलै १९६९ रोजी, आर्मस्ट्राँग उतरण्याच्या सतरा दिवस आधी, ते रॉकेट उडताच परत तळावर कोसळलं आणि तळच उद्ध्वस्त झाला. २१ जुलैला, आर्मस्ट्राँग आणि ऑल्ड्रिन चंद्रावरच असताना, त्यांचं माणूस नसलेलं लुना १५ चंद्रावर आदळलं. चंद्राची माती आणायला गेलं होतं ते, पण तसं कुणी सांगितलं नाही. एन १ चारदा उडवलं, चारदा फसलं, आणि मग 'आम्ही त्या शर्यतीत नव्हतोच' अशी भूमिका. १९८०च्या दशकाच्या अखेरीपर्यंत ती टिकली. ज्या हजारो लोकांनी वर्षानुवर्षं खपून ते रॉकेट बांधलं, त्यांच्या आयुष्यातली तेवढी वर्षं सरकारदरबारी झालीच नाहीत. भावोजी, ही कसली सव्वा लाखाची मूठ?

आता अमेरिका. ते काही साधुसंत नव्हेत. त्यांची रेंजर मालिका आठवा. पहिली सहा यानं फसली, सहावं तर चंद्रावर अगदी नेमकं पोचलं आणि कॅमेरेच चालू झाले नाहीत. सगळं जगासमोर. टवाळी झाली, संसदेत चौकशी झाली. मग ३१ जुलै १९६४ रोजी रेंजर ७ ने आदळण्यापूर्वी चार हजारांवर फोटो पाठवले.

खरी कसोटी लागली २७ जानेवारी १९६७ रोजी. अपोलो १ च्या जमिनीवरच्या चाचणीत आग लागली आणि ग्रिसम, व्हाइट, चॅफी हे तिघे आतच गेले. आत शुद्ध ऑक्सिजन, तोही दाबाखाली. पेट घेणारं साहित्य जागोजागी. आणि दार आतल्या बाजूला उघडणारं, आतल्या दाबामुळे हलेना. इथे नासालाही मूठ झाकावीशी वाटली होती बरं का! कंत्राटदाराच्या ढिसाळ कामावर १९६५ साली नासाच्याच जनरल फिलिप्स यांनी कडक टिपण लिहिलं होतं. सिनेटर मॉण्डेल यांनी त्याबद्दल विचारलं तेव्हा नासाच्या वरिष्ठांनी आधी टाळाटाळ केली. पण विचारणारा होता, आणि विचारायची जागा होती. टिपण बाहेर आलं. चौकशी अहवाल प्रसिद्ध झाला. बाहेर उघडणारं दार आलं, तळावर असताना आत भरायची हवा बदलली, साहित्य बदललं. एकवीस महिने माणूस पाठवला नाही. ऑक्टोबर १९६८ मध्ये अपोलो ७ उडालं आणि त्यानंतर नऊ महिन्यांत चंद्र.

फरक माणसांच्या चांगुलपणाचा नाही. मूठ उघडायला लावणारं कुणीतरी बाहेर असतं की नाही, याचा आहे.

म्हणून माझं म्हणणं भावोजींच्या अगदी उलट. ७ सप्टेंबर २०१९ ची ती रात्र थेट दाखवली हे उत्तमच झालं. चुकलं ते नंतर. लोकसभेत वेग ठरल्यापेक्षा वेगळा राहिल्याचं थोडक्यात उत्तर आलं, पण संपूर्ण चौकशी अहवाल लोकांसमोर आला नाही. पाचही इंजिनांनी अपेक्षेपेक्षा जास्त जोर लावला, चुका साठत गेल्या, उतरायची जागा फार लहान ठरवली होती, हे सगळं इस्रोच्या अध्यक्षांनी मोकळेपणाने सांगितलं ते जुलै २०२३ मध्ये, चंद्रयान ३ निघण्याच्या तोंडावर. आणि सांगितल्याने काय बिघडलं? काय काय फसू शकेल हे गृहीत धरून नवं यान बांधलं, असंही त्यांनीच सांगितलं, आणि २३ ऑगस्टला ते उतरलं. तेच पावणेचार वर्षं आधी सांगता आलं नसतं का?

मी सरकारी कारकून आहे. 'प्रकरण विचाराधीन आहे' या तीन शब्दांखाली काय काय पुरतात ते मी वीस वर्षं बघतोय. मीही ते शब्द लिहिलेले आहेत. चूक झाकली की साहेब वाचतो, आणि तीच चूक पुढच्या टेबलावरचा नवा पोरगा पुन्हा करतो, कारण फाइलीत त्याला वाचायला काहीच नसतं.

तेव्हा भावोजी, पुढच्या चवथीला ती म्हण तेवढी घरी ठेवून या. नेवऱ्या आहेतच. आणि स्टुडिओवाल्या त्या पोराला आधी या फसलेल्या यानांची यादी वाचायला देऊ. ज्यांना खोटंच रचायचं असतं ते इतकी अपयशं कशाला रचतील?