क्विंटलमागे किती डिझेल?

नरखेड तालुक्यात पिकअप घ्यायची म्हटली की शोरूमपासून पानठेल्यापर्यंत पहिला प्रश्न एकच : "भाऊ, अ‍ॅव्हरेज किती देते?" बोलेरो पिकअप असो, टाटाची योद्धा किंवा इंट्रा असो, अशोक लेलँडची दोस्त वा बडा दोस्त असो, गाडीची सारी परीक्षा या एका आकड्यावर होते. एक जण बारा सांगतो, दुसरा पंधरा, तिसरा छातीठोकपणे अठरा. या आकड्यांच्या भरवशावर सावरगाव-भिष्णूरकडचा संत्रा बागायतदार आठ-दहा लाखांचे कर्ज उचलतो. माल वाहणाऱ्या गाडीसाठी हा प्रश्नच अपुरा आहे, असे माझे ठाम म्हणणे आहे. त्याचे उत्तर अगदी खरे मिळाले तरी शेतकरी तोट्यात जाऊ शकतो. विचारायचे ते असे : बागेतला एक क्विंटल माल बाजारात पोचवून गाडी घरी परत येईपर्यंत किती डिझेल जळते?

आधी एक गैरसमज दूर करू. "कंपन्या खोटे आकडे छापतात" असे सर्रास बोलले जाते. ते खरे नाही. 1966 साली पुण्यात स्थापन झालेल्या एआरएआयसारख्या वाहन-चाचणी संस्थेत गाडी रोलरवर चढवली जाते आणि ठरलेल्या चक्राप्रमाणे चालवली जाते. हे चक्र जवळपास वीस मिनिटांचे असते. त्यात थांबणे, पुन्हा निघणे, वेग वाढवणे हे सारे सेकंदासेकंदाने बांधलेले असते आणि वेग ताशी 90 किलोमीटरच्या वर जात नाही. रोलरवर खड्डा नसतो, चिखल नसतो, समोरून वारा नसतो आणि हौद्यात दीड टन संत्रीही नसतात. आकडा खरा असतो, पण तो दुसऱ्याच कामाचा असतो. चाचणीने जे विचारले त्याचे उत्तर तिने दिले. आपण ते उत्तर उचलून आपल्या पांदणीवर आणतो आणि मग फसवणुकीची ओरड करतो.

खरा दोष धोरणात आहे आणि त्याबद्दल मला राग आहे. कारगाड्यांसाठी इंधनक्षमतेचे नियम 2017-18 पासून लागू झाले. 12 टनांवरच्या ट्रकांसाठी जे निकष आले, त्यात गाडी पूर्ण भरून ताशी 40 आणि 60 किलोमीटरच्या स्थिर वेगाने चालवून इंधन मोजायचे ठरले. भरलेल्या ट्रकची भरलेल्या अवस्थेत परीक्षा, हे रास्तच आहे. पण साडेतीन टनांच्या आतली पिकअप, जिच्यावर खेड्यातला शेतमाल खऱ्या अर्थाने बाजारात जातो, ती इतकी वर्षे या दोन्हींच्या मधल्या फटीत राहिली. कारचा मालक आणि वाहतूक कंपनी यांच्यासाठी विचार झाला, आणि कर्ज काढून पिकअप घेणारा तेवढा पानठेल्यावरच्या आकड्यावर सोडला गेला.

आता आपल्या रस्त्यावर येऊ. आंबिया बहाराचा तोडा सुरू झाला, परतीच्या पावसाने काळी माती अजून ओली आहे. गाडी डांबर सोडून पांदणीत शिरते तेव्हापासून पहिला आणि दुसरा गिअर. मागचे चाक चाकोरीत फिरते, चालक क्लच दाबून-सोडून गाडी हलवतो, कुणीतरी चाकाखाली तुऱ्हाटी टाकतो. बागेच्या धुऱ्यावर गाडी उभी राहते, वीस-वीस किलोचे क्रेट एकावर एक चढतात, आणि पुन्हा सुरू व्हायला त्रास नको म्हणून इंजिन तसेच चालू ठेवले जाते. या अर्ध्या-पाऊण तासात मीटरवर किलोमीटर एकही वाढत नाही, डिझेल मात्र जात राहते. भरल्यावर तीच पांदण पुन्हा, आता दीड टनासह. डांबरावर पोचेपर्यंत या गाडीने लिटरमागे किती किलोमीटर दिले असतील याचा अंदाज ज्याने पांदणीत गाडी ढकलली आहे त्याला सांगायला नको. म्हणून मी म्हणतो, नरखेडमध्ये दोन गाड्यांच्या इंजिनांत जितका फरक नाही तितका फरक दोन बागांच्या पांदणींत आहे. दोन शेजाऱ्यांचा एकाच मॉडेलबद्दलचा अनुभव वेगळा असतो तो बहुधा यामुळेच. एक बारा सांगतो, दुसरा पंधरा, आणि दोघेही खरे बोलतात.

डांबरावरही गणित बदलते. टायर रस्त्यावर लोळवायला लागणारी ताकद वजनाबरोबर वाढते, तर हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने. ताशी 60 ऐवजी 80 ने हाणली तर हवेचा अडथळा जवळजवळ पावणेदोन पट होतो, आणि केबिनच्या वर दोन थर क्रेट चढले असतील तर हवेला अडवणारी भिंतच उभी राहते. काटोलमार्गे नागपूर गाठल्यावर कळमना बाजार शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. पहाटेचा लिलाव गाठायचा म्हणून रस्त्यात पळवायचे आणि शहरात सिग्नलला कुचंबायचे, हे दोन्ही डिझेल खाणारेच. बहुतेक बीएस-सहा डिझेल गाड्यांत काजळी अडवणारी जाळी असते. नेहमी जवळच्या, संथ फेऱ्या मारणाऱ्या गाडीत ती लवकर भरते आणि साफ होताना जादा इंधन घेते. गावातल्या गावात फिरणाऱ्या गाडीचे मालक "नवी गाडी जुनीपेक्षा जास्त पिते" म्हणतात त्यामागे हेही एक कारण आहे.

दुसरा पूर्वपक्ष अधिक वजनदार आहे : "छोटा हत्ती अठरा देतो, पिकअप बाराच देते, मग छोटीच गाडी किफायती." 2005 साली आलेल्या टाटा एसने, म्हणजेच छोट्या हत्तीने, खेड्यांचे फार भले केले, ते मला मान्यच आहे. पण हिशेब मांडून बघा. नरखेड ते कळमना सुमारे 90 किलोमीटर, जाऊन-येऊन 180. माल 15 क्विंटल. पाऊण टन नेणाऱ्या छोट्या गाडीला दोन फेऱ्या, म्हणजे 360 किलोमीटर. अठराचे अ‍ॅव्हरेज धरले तरी 20 लिटर. पिकअपची एक फेरी, बाराने 15 लिटर. छोटीचे क्विंटलमागे सव्वा लिटरहून जास्त, पिकअपचे एक लिटर. अ‍ॅव्हरेजमध्ये दीडपट सरस असलेली गाडी इथे हरली, आणि चालकाचा दुसरा दिवस अजून धरलेलाच नाही. पण चार क्विंटल माल 30 किलोमीटरवरच्या काटोलला न्यायचा असेल तर हेच गणित उलटते. छोटी सव्वातीन लिटरच्या आसपास घेईल, पिकअप पाचच्या. कोणती गाडी चांगली हे गाडीवर ठरत नाही. तुमची नेहमीची खेप किती क्विंटलची आणि किती लांबची, यावर ठरते. जलालखेड्याच्या माणसाला वरुड जवळ आणि कळमना लांब. त्याची गाडी नरखेडच्या माणसाच्या गाडीसारखीच असायला हवी असे कोणी सांगितले?

किलोमीटर-प्रतिलिटर हे माप डोळ्यांना चकवते, हे जगात इतरांनीही ओळखले आहे. ड्यूक विद्यापीठाच्या लॅरिक आणि सोल या दोन संशोधकांनी 2008 साली 'सायन्स' नियतकालिकात हाच भ्रम दाखवून दिला. अमेरिकेत 2013 च्या मॉडेलांपासून नव्या गाडीच्या काचेवरच्या पट्टीवर 100 मैलांना किती गॅलन लागतात तेही छापावे लागते. युरोपात 100 किलोमीटरला किती लिटर, हीच रीत आहे. कारण साधे आहे. पिकअपचे अ‍ॅव्हरेज 10 वरून 12 झाले तर 100 किलोमीटरला 10 लिटरऐवजी 8.3 लिटर लागतात, बचत जवळपास 1.7 लिटर. छोट्या गाडीचे 18 वरून 22 झाले तर 5.6 ऐवजी 4.5, बचत लिटरभर. चारची वाढ मोठी दिसते, पण पैसे दोनच्या वाढीत जास्त वाचतात. म्हणजे जास्त पिणाऱ्या गाडीची हवा, फिल्टर आणि चालवण्याची पद्धत यांकडे लक्ष देणे अधिक लाभाचे. आपल्याकडे मात्र "आधीच बारा देते, तिच्यात काय सुधारणार" म्हणून तिलाच वाऱ्यावर सोडतात.

सीएनजीवाले सांगतात, आमची गाडी किलोला इतके देते. किलो आणि लिटर शेजारी ठेवून तुलना करणे चूक आहे. एक किलो सीएनजीत एक लिटर डिझेलपेक्षा सुमारे एक तृतीयांश जास्त ऊर्जा असते, त्यामुळे आकडा आपोआपच मोठा दिसतो. रुपये मांडूनच तुलना करा, आणि गॅस भरायला किती लांब जावे लागते ते किलोमीटरही त्यात धरा.

आता माझ्याच मापावर येणारा सर्वांत कठीण आक्षेप. "क्विंटलमागे डिझेल मोजायचे म्हणता, मग जितका जास्त माल भरू तितके स्वस्त. ओव्हरलोड तुमच्याच हिशेबाने फायद्याचा ठरतो." आक्षेप खोटा नाही, म्हणून टाळणार नाही. समजा गाडी 15 क्विंटलची आहे. भरलेली लिटरला 10 देते, रिकामी 14. जाताना 9 लिटर, येताना 6.4, एकूण 15.4, क्विंटलमागे लिटरहून किंचित जास्त. तिच्यात 20 क्विंटल कोंबले आणि भरलेले अ‍ॅव्हरेज 9 वर आले तर एकूण 16.4 लिटर, क्विंटलमागे 0.82. फेरीमागे चार लिटरांची बचत, 90 रुपयांच्या भावाने साडेतीनशे-पावणेचारशे रुपये. दुसऱ्या बाजूला मोटार वाहन कायद्याचे कलम 194 आहे. 2019 च्या दुरुस्तीनंतर जादा भारासाठी 20,000 रुपये दंड, शिवाय प्रत्येक जादा टनाला 2,000. एकदा पकडले की पन्नासहून अधिक फेऱ्यांची बचत गेली. पाटे बसणे, टायर फुटणे, उतारावर ब्रेक न लागणे याची किंमत तर वेगळीच, आणि तिच्यात माणसाचा जीवही येतो. शिवाय नागपुरी संत्र्याची साल पातळ आणि सैल. हौद्यात मावेनात म्हणून क्रेट शिगोशीग भरले आणि थरावर थर रचले की खालच्या क्रेटातली फळे दबतात, आणि अडत्या डाग बघूनच भाव पाडतो. माझ्या मापातला क्विंटल म्हणजे बाजारात चांगल्या भावाने विकला गेलेला क्विंटल, गाडीत कोंबलेला नव्हे.

त्याच उदाहरणातला एक आकडा मात्र डोळ्यांत अंजन घालणारा आहे. 15.4 पैकी 6.4 लिटर, म्हणजे 40 टक्क्यांहून जास्त डिझेल, गाडी रिकामी परत आणण्यात जळले. चालक पंपावर सांगेल की अ‍ॅव्हरेज पावणेबाराचे पडले, आणि ऐकणारा समाधानाने मान डोलावेल. त्या पावणेबारात रिकामी परतफेरी दडून राहते. किंबहुना रिकाम्या फेरीमुळेच आकडा चांगला दिसतो! परत येताना 10 क्विंटल खत आणले आणि येतानाचे अ‍ॅव्हरेज 14 वरून 11 झाले, तर पावणेदोन लिटर जादा जळतील आणि एकूण 25 क्विंटल मालाला सव्वासतरा लिटर लागतील. क्विंटलमागे 0.7. अ‍ॅव्हरेज घसरले, खर्च तिसऱ्या हिश्श्याने कमी झाला. कोणत्याही कंपनीचे नवे इंजिन एवढी बचत देत नाही.

यावर म्हणतील, "गाडी भाड्याची आहे, डिझेल मालकाचे, शेतकऱ्याला काय त्याचे?" भाड्याचा दर गाडीवाला हवेतून काढत नाही. रिकाम्या परतफेरीचे डिझेल तो क्रेटच्या भाड्यातच धरतो आणि ते संत्र्याच्या पट्टीतून कापले जाते. दोन-तीन शेजाऱ्यांनी एकाच दिवशी तोडा ठेवून गाडी भरली, आणि त्याच गाडीचे येतानाचे खत किंवा सिमेंट आधी ठरवले, तर भाड्याची बोलणी करताना त्यांच्या हातात काहीतरी असेल. रिकाम्या हाताने घासाघीस करून गाडीवाल्याचे दोन-पाचशे कापण्यात मला काही अर्थ दिसत नाही. त्याचेही हप्ते आहेत.

मोजायचे कसे, हे सोपे आहे, पण शिस्त लागते. एकाच पंपावर, एकाच नोझलने, पहिल्या कटपर्यंत टाकी भरायची. मीटर लिहायचा. दर वेळी किती क्विंटल नेले, परत काय आणले, पांदण कोरडी की ओली, हे वहीत एका ओळीत टिपायचे. पाच लिटर टाकून हिशेब करू नये. कट अर्धा लिटर इकडेतिकडे झाला तरी दहा टक्क्यांची चूक होते. तीच चूक चाळीस लिटरांवर टक्काभर राहते. म्हणून तीन-चार पूर्ण टाक्यांशिवाय आकडा सांगू नये. टायर मूळ मापापेक्षा मोठे बसवले असतील तर मीटर किलोमीटर कमी दाखवतो, तेही लक्षात ठेवावे. मृग बहारातल्या कोरड्या दिवसांचा आणि आंबियाच्या ओल्या दिवसांचा हिशेब वेगळा ठेवला, तर पुढच्या हंगामाचे भाडे ठरवायला तीच वही कामी येते.

आणि गाडी घ्यायला जाल तेव्हा डेमो गाडी काटोल रोडवर रिकामी फिरवून आणू नका. तुमच्या नेहमीच्या खेपेइतके वजन हौद्यात चढवायला सांगा, टाकी कटपर्यंत भरा, तुमच्या बागेच्या पांदणीतून बाहेर काढा, जाऊन-येऊन शंभर किलोमीटर चालवा आणि त्याच पंपावर पुन्हा कटपर्यंत भरा. दोन कंपन्यांच्या गाड्या एकाच आठवड्यात, एकाच वजनावर, एकाच चालकाच्या हाती द्या. एका फेरीचा आकडा शेवटचा नसतो, पण रोलरवरच्या आणि पानठेल्यावरच्या आकड्यापेक्षा तो तुमच्या मालाच्या कितीतरी जवळचा असेल. आठ-दहा लाख मोजणाऱ्या गिऱ्हाइकाला एवढी मागणी करण्याचा पूर्ण हक्क आहे. विक्रेता नाही म्हणाला तर सही करण्याआधी दुसऱ्या कंपनीच्या शोरूममध्ये जा.