दिवसाचा नमुना, रात्रीचे पाणी

नदीच्या प्रदूषणाचा हिशेब नमुना कसा घेतला यावर ठरतो. समजा, एखाद्या कारखान्याने दिवसा 100 घनमीटर सांडपाणी सोडले, त्याची ‘बी. ओ. डी.’ लिटरला 20 मिलिग्रॅम. रात्री सोडले 900 घनमीटर, बी. ओ. डी. 300. मर्यादा 30 ची, म्हणून दिवसाचा नमुना निर्दोष! दोहोंची साधी सरासरी 160 येते. भारित सरासरी, म्हणजे नदीच्या वाट्याचे सत्य, 272.

ठरावीक घनमीटर पाणी वाहिले की प्रवाहमापकाने नमुनायंत्राला इशारा द्यावा, अशी योजना केल्यास हा भार आपोआप लागतो. पण तो आकडा मोठा ठेवला तर नमुने अपुरे पडतात. लहान ठेवला तर बाटली पहाटेपूर्वीच भरते. 1974 च्या जल कायद्याने नमुना घेण्याचा अधिकार राज्य मंडळांना दिला आहे. तेव्हा हा आकडाही मंडळानेच ठरवावा, कारखानदाराने नव्हे.