आपल्या पाण्याचा लाकडी मासा

नारायणगाव, मंचर, घोडेगाव, जुन्नर. या पट्ट्यातल्या कुठल्याही कॉलेजात आता एक तरी पोरगा असा सापडतोच, ज्याच्या बॅगेत वह्या कमी आणि गळाचं सामान जास्त असतं. रॉड, रील, तंगूस आणि खणाखणांचा एक प्लास्टिकचा डबा. डब्यात रंगीबेरंगी खोटे मासे, सगळे ऑनलाइन मागवलेले. पहिल्याच रविवारी त्यातले दोन धरणात बुडालेल्या झाडांच्या फांद्यांत अडकून कायमचे जातात, आणि सोमवारी लेक्चर चालू असताना बाकाखाली नवी ऑर्डर पडते.

माझं म्हणणं असं की, हे खोटे मासे आपण स्वतः लाकडात कोरून करावेत. पैसे वाचतील म्हणून मी हे सांगत नाही, सुरुवातीला ते वाचतही नाहीत. 'हस्तकला जपा'वालं भाषणही मला द्यायचं नाही. मुद्दा वेगळा आहे. बाजारात मिळणारा प्रत्येक ल्युअर कुठल्यातरी दुसऱ्याच पाण्यासाठी, दुसऱ्याच माशासाठी आखलेला असतो. डिंभ्यासाठी, माणिकडोहसाठी, येडगावसाठी कुणी तो आखलेला नाही. कुणी आखणारही नाही, कारण एवढ्याशा गिऱ्हाइकासाठी कोण साचा पाडणार?

आधी शब्दाचं बघू. गळाला गांडूळ किंवा कणकेची गोळी लावली की ते आमिष झालं. मासा ते खायलाच येतो. ल्युअरमध्ये खाण्यासारखं काहीच नसतं. तो नुसता हालचालीवर फसवतो. मराठीत त्याला धड शब्द नाही. 'आमिष' म्हणावं तर तो शब्द पेपरात 'नोकरीचं आमिष दाखवून फसवणूक' एवढ्यासाठीच उरलाय. (खरं तर ल्युअरचं कामही तेच!) मी आपला 'लाकडी मासा' म्हणतो.

तुमच्या डब्यात 'रापाला' नावाचा एखादा ल्युअर असेल, किंवा त्याची स्वस्तातली नक्कल तरी असेलच. हा रापाला म्हणजे फिनलंडमधला एक गरीब मच्छीमार, लॉरी रापाला. तळ्यात मासेमारी करून घर चालवायचा. वल्हवता वल्हवता त्याच्या लक्षात आलं की, मोठा मासा छोट्या माशांच्या थव्यात घुसतो तेव्हा नेमका जखमी, वेडावाकडा पोहणारा मासाच उचलतो. १९३६ मध्ये त्यानं जोडे शिवणाऱ्याच्या रापीसारख्या सुरीनं बुचाचा एक मासा कोरला. त्याला चॉकलेटच्या वेष्टनाची चांदी गुंडाळली आणि फोटोच्या जुन्या निगेटिव्ह वितळवून वरून लेप दिला. तो मासा पाण्यात लंगडा चालायचा, आणि सगळी करामत त्या लंगडण्यातच होती. पुढे ऑगस्ट १९६२ मध्ये अमेरिकेच्या 'लाइफ' मासिकात त्यावर लेख आला. त्याच अंकात मेरिलिन मन्रोच्या मृत्यूची कव्हर स्टोरी असल्यानं अंक तुफान खपला आणि फिनलंडकडे मागणीची पत्रं धो धो सुटली. नशीब वगैरे ठीक आहे. पण १९३६ साली या माणसाकडे होतं काय? एक सुरी, आणि स्वतःचं तळं वर्षानुवर्षं बघितलेले डोळे. आपल्याकडे सुरी आहे. डोळे रीलमध्ये अडकलेत, आणि हे रील गळाचं नव्हे.

लाकडी माशांची दुसरी मोठी परंपरा समुद्रकिनाऱ्यावरची. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर फुटत्या लाटांत कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून लोक स्ट्राइप्ड बास नावाचा मासा पकडतात. हाताशी बोट नसते, समोरून वारा येत असतो आणि मासा लाटांच्या पलीकडे असतो. म्हणून तिथला लाकडी मासा जाड, वजनदार, वारा कापत लांब जाणारा असतो. आपल्याकडेही रायगड-रत्नागिरीच्या किनाऱ्यावर गरवणारी मंडळी जिताडा, तांबोशी, रावस यांच्यासाठी असंच उभं राहतात.

आता तुम्ही म्हणाल, जुन्नरला लाटा कुठून आणायच्या? सातवाहनांच्या काळी नाणेघाट चढून कोकणातला माल जुन्नरला यायचा. समुद्र काही वर आला नाही. बरोबर आहे. पण एप्रिल-मे महिन्यात दुपार कलल्यावर डिंभ्याच्या काठावर उभं राहून बघा. पाणी मागे हटलेलं असतं, काठ उघडा पडलेला असतो आणि वारा तोंडावर येतो. होडी आपल्याकडे नसते आणि मासा लांब असतो. अडचण हुबेहूब किनाऱ्यावरचीच आहे. म्हणून नाजूक, हलका, परदेशी ओढ्यांसाठी केलेला ल्युअर इथे दहा-पंधरा मीटरवर भरकटून पडतो, आणि लाटांसाठी केलेला दणकट मासा आपलं काम करतो.

तो करायचा कसा, हा भाग मला सगळ्यात जास्त आवडतो. फिजिक्सवाल्यांनी नीट वाचा, इथे आर्किमिडीजचा खरोखर उपयोग आहे.

समजा, बारा सेंटीमीटर लांब आणि पोटाशी बावीस मिलिमीटर जाडीचा मासा कोरला. दोन्ही टोकं निमुळती केल्यावर त्याचं आकारमान साधारण ३० घनसेंटीमीटर भरतं. म्हणजे पूर्ण बुडाला तर तो ३० ग्रॅम पाणी बाजूला सारेल. पांगाऱ्याचं लाकूड एकदम हलकं, पाण्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास. तेव्हा लाकडाचं वजन झालं दहा ग्रॅम. तार, कड्या, गळ मिळून आठ ग्रॅम धरा. उरले बारा ग्रॅम. यातले नऊ-दहा तुम्ही पोटात वजन म्हणून भरू शकता, तरी मासा तरंगतो. तेच सागवान घेतलं तर लाकूडच वीस ग्रॅमच्या पुढे जातं आणि पोटात भरायला काही शिल्लकच राहत नाही. सुतारकाका 'सागासारखं लाकूड नाही' म्हणतात ते खिडकीच्या चौकटीबाबत खरं आहे. इथे पांगारा, सावर किंवा फार तर शिवण. आणि त्यासाठी झाड पाडायचं नाही. बांधावरच्या छाटणीत निघालेली मनगटाएवढी फांदी दहा माशांना पुरते. भीमाशंकरच्या अभयारण्यातून काडीही आणायची नाही, हे वेगळं सांगायला नको.

पोटातलं वजन कुठे बसवायचं यावर निम्मा खेळ आहे. पोटाच्या तळाशी बसवलं की मासा सरळ राहतो; नाहीतर गरागरा फिरतो आणि तंगुसाला पीळ पडतो. शेपटीकडे सरकवलं तर फेकताना शेपूट पुढे करून बाणासारखा जातो, लांब पडतो. पण फार मागे गेलं की पाण्यात डुलणं मंदावतं. लांबी हवी की डुलणं, हे तुम्ही ठरवायचं, तुमच्या काठाकडे बघून. वजन शिशाचंच हवं असं नाही. शिसं विषारी आहे आणि हेच पाणी खालची गावं पितात. पितळेचा तुकडा किंवा लोखंडी नट चालतो, फक्त भोक जरा मोठं पाडावं लागतं.

तोंडाशी एक तिरकी पट्टी बसवतात, तिला ओठ म्हणू. ओढलं की पाणी ओठावर आदळतं, डोकं खाली दबतं, भोवरे एकदा डावीकडून एकदा उजवीकडून सुटतात आणि मासा डुलायला लागतो. ओठ उभा बसवला तर मासा वरच्यावर चालतो. अंगाच्या रेषेत पुढे काढला तर खोल जातो. आणि डोक्यापासून शेपटीपर्यंत आरपार एकच स्टीलची तार हवी. मोठ्या माशानं लाकूड चावून फोडलं तरी तार तुटत नाही, गळ त्याच्या तोंडात आणि लाकूड तुमच्या हातात असा प्रकार होत नाही.

बाकी कानस, पॉलिश पेपर, अळशीच्या तेलाचे दोन-तीन हात. रंगावर जीव टाकू नका. रंग बघून गिऱ्हाईक फसतं, मासा फसतो डुलण्याला. पहिली चाचणी गोठ्यातल्या हौदात.

हे सगळं वाचून उद्याच डिंभ्यावर निघायच्या आधी एक प्रश्न स्वतःला विचारा. हे पाणी कुणाचं? डिंभे धरणाच्या जलाशयाला हुतात्मा बाबू गेनूंचं नाव आहे. ज्या आंबेगावावरून तालुक्याचं नाव पडलं, ते जुनं गाव याच पाण्याखाली गेलं. नाव तेवढं राहिलं, कचेरी घोडेगावला. ज्यांची भातखाचरं बुडाली त्या महादेव कोळी आणि इतर आदिवासी कुटुंबांनी पुढे याच पाण्यात होडी घातली. कुसुमताई कर्णिक आणि आनंद कपूर यांच्या 'शाश्वत' संस्थेच्या साथीनं त्यांनी मच्छीमार सहकारी संस्था उभी केली आणि मासेमारीच्या हक्कासाठी झगडा दिला. म्हणजे आपला रविवारचा टाइमपास त्यांच्या शेतात चाललेला असतो. विचारून जायचं. फी असेल तर भरायची. 'धरण सरकारचं आहे' हे उत्तर मी काठावर बऱ्याचदा ऐकलंय. देणाऱ्याच्या घरची जमीन बुडालेली नसते, एवढंच मी पाहिलंय.

एक गोष्ट मात्र आपल्या बाजूची आहे. जलाशयात पिल्लं सोडून वाढवले जातात ते मुख्यतः कटला, रोहू, मृगळ. हे मासे ल्युअरच्या वाटेला सहसा जात नाहीत. कटला पाण्यातले सूक्ष्म जीव गाळून खातो, मृगळ तळ चाळतो. लाकडी माशावर झडप घालणारे म्हणजे मरळ, शिवडा असे शिकारी मासे. त्यामुळे संस्थेच्या मुख्य उत्पन्नाला आपण हात लावत नाही. पण अडकून तुटलेला तीन टोकांचा गळ जाळ्यात शिरला की जाळं फाटतं आणि ओढणाऱ्याचा हातही. म्हणून माझा आग्रह आहे की, एकेरी गळ लावा आणि त्याचा काटा पक्कडीनं दाबून टाका.

मरळीवरून आठवलं. पावसाळ्यात मोबाइलवर एक प्रकार फार फिरतो. पाण्यावर केशरी-लाल पिल्लांचा घोळका दिसतो, पोरं त्याच्या मधोमध बेडकासारखा ल्युअर फेकतात, खालून मरळ उसळून येते, आणि मग 'काय भारी स्ट्राइक!' अरे, ती भुकेनं आलेली नसते. त्या पिल्लांची ती आई नाहीतर बाप असतो, राखण करत असतो. त्याला उचललं की तो अख्खा घोळका तासाभरात इतर माशांच्या पोटात जातो. एका फोटोसाठी शेकडो मरळी. याला मी कौशल्य म्हणत नाही. घरातल्या बाईनं चोरावर धावून जावं आणि चोरानं म्हणावं 'बघा कशी आली', त्यातला प्रकार आहे.

इथे मला अमेरिकेतल्या बॉब पाँडची गोष्ट सांगावीशी वाटते. दुसऱ्या महायुद्धानंतर त्यानं किनाऱ्यावरच्या मासेमारीसाठी 'अ‍ॅटम' नावाचा लाकडी मासा काढला आणि तो खूप गाजला. पुढे स्ट्राइप्ड बास कमी होत चाललाय हे त्याला दिसू लागलं, आणि हाच ल्युअरवाला त्या माशासाठी आरडाओरड करायला उभा राहिला. सरकारनं बऱ्याच उशिरा ऐकलं. १९८४ मध्ये तिथे त्या माशाच्या संरक्षणाचा कायदा झाला आणि १९८५ मध्ये मेरीलँड राज्यानं त्याची मासेमारीच थांबवली. नंतर मासा परतला. डब्यातून ल्युअर काढून फेकणाऱ्याला पाण्यात काय कमी होतंय ते उशिरा कळतं. जो मासा बघून लाकडाला आकार देतो, त्याला ते आधी कळत असावं, असं मला वाटतं.

'मग याचा स्टार्टअप का नाही करायचा?' हा प्रश्न येणारच, हल्ली प्रत्येक गोष्टीला येतो. करा की, पण आत्ता नको. जुन्नर २०१८ मध्ये विशेष पर्यटन क्षेत्र जाहीर झालं, तेव्हापासून प्रत्येकाला काहीतरी विकायचंय. पन्नास मासे कोरा, त्यातले चाळीस हौदात उलटे पडू द्या, उरलेले दहा दोन उन्हाळे धरणावर वापरा. मग विकायला तुमच्याकडे खरंच काहीतरी असेल: अमुक धरणावर, अमुक वाऱ्यात, अमुक माशाला चालणारी वस्तू. नाहीतर इन्स्टावर पेज, लोगो, आणि माल परत तोच बाहेरून मागवलेला.

जाता जाता एक व्यवहाराची गोष्ट. शिकारी मासा पहाटे आणि तिन्हीसांजेला लागतो. आपल्या तालुक्यांत उसाच्या कडेनं बिबट्याही त्याच वेळी निघतो, हे कुणाला शिकवायला नको. एकट्यानं काठावर वाकून बसायचं नाही, अंधार पडायच्या आत सामान गुंडाळायचं.

आणि मृग लागला की गळ घरी ठेवायचा, माशांची विण होईपर्यंत. हेच कोरायचे दिवस. उन्हाळ्यात छाटून सावलीत वाळवलेली फांदी तोवर तयार झालेली असते. पावसाळ्यात कोरून, घासून, भोकं पाडून ठेवा. तेल मात्र तेव्हा लावू नका, दमट हवेत ते आठवडेच्या आठवडे चिकट राहतं. ते काम नवरात्रानंतर, ऊन कडक पडलं की.