दोष कोणाचा?

हेलिकॉप्टरप्रमाणे सरळ खाली उतरू शकणारी सी हॅरियर विमाने आपल्या नौदलात २०१६ सालापर्यंत होती. गोव्यातील दाबोळीच्या तळावरून उडताना ती आपल्यापैकी काहींनी पाहिलीही असतील. या विद्येने एका तरुणाचे प्राण वाचविले, ती हकिकत आज आम्ही सांगतो.

जून १९८३. ब्रिटिश नौदलाचा इयान वॉटसन हा पंचविशीतला वैमानिक पोर्तुगालनजीकच्या समुद्रावर ‘इलस्ट्रियस’ या युद्धनौकेवरून सरावासाठी उडाला. परतताना नौका सापडेना. दिशादर्शक यंत्राने दगा दिला, रेडिओ मुका झाला, इंधन सरत आले. तोच ‘अल्राइगो’ हे स्पॅनिश मालवाहू जहाज दृष्टीस पडले. त्यावरील मालपेट्यांवर त्याने विमान उतरविले. ते मागे घसरले आणि पेट्यांमागे उभ्या असलेल्या एका मोटारीवर टेकून थांबले! चार दिवसांनी ही वरात तेनेरीफच्या बंदरास लागली.

वॉटसनला ठपका मिळाला. पुढे २००७ साली चौकशीचे कागद खुले झाले, तेव्हा कळले की त्याचे शिक्षण तीन चतुर्थांशच झालेले होते. सदोष रेडिओचे विमान त्यास देणाऱ्या वरिष्ठांनाही समितीने दोषी धरले होते.

अपुरे शिकवून काम सोपवावे आणि बिघडले की शिकणाऱ्याकडे बोट दाखवावे, ही रीत आमच्या घरांतही आहे. मुलांवर रागावण्यापूर्वी आपण त्यांस पुरते शिकविले होते काय, एवढे आम्ही स्वतःस विचारावे.