विसावी गाडी

ज्यूंच्या वंशसंहाराचा विषय निघाला की एक प्रश्न हमखास विचारला जातो. साठ लाख माणसे मुकाट्याने मरणाच्या दारात गेली तरी कशी? विचारणाऱ्याचा सूर बहुधा सहानुभूतीचाच असतो, पण त्या सहानुभूतीच्या तळाशी एक दूषण दडलेले असते. जे मारले गेले त्यांच्या माथी भ्याडपणाचा शिक्का मारणे हा त्यांच्यावरील दुसरा अन्याय होय. १९ एप्रिल १९४३ रोजी वॉर्सातील बंदिस्त ज्यू वस्तीने नाझी फौजेविरुद्ध शस्त्र उचलले, हे अनेकांनी वाचलेले असते. त्याच रात्री बेल्जियममधील एका लोहमार्गावर काय घडले, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही.

मे १९४० मध्ये जर्मनीने बेल्जियम व्यापला. १९४२ च्या उन्हाळ्यापासून मेखेलेन गावातील डोसाँ बराकीतून ज्यूंनी भरलेल्या गाड्या आउशवित्झकडे सुटू लागल्या. सुमारे पंचवीस हजार ज्यू या एकाच बराकीतून धाडले गेले. आरंभीच्या गाड्यांना तिसऱ्या वर्गाचे प्रवासी डबे असत. त्यांतून उड्या टाकून लोक निसटू लागले, तेव्हा विसाव्या गाडीपासून जनावरे नि माल वाहण्याचे डबे आले. झरोक्यांना काटेरी तार, दारे बाहेरून बंद. या विसाव्या गाडीत सोळाशेहून अधिक माणसे होती. तान्ही मुले होती, वृद्ध होते.

ही गाडी अडवावी, हा विचार 'ज्यू संरक्षण समिती'चा. हर्त्झ जोस्पा आणि त्यांच्या पत्नी इव्होन हे या गुप्त संघटनेच्या संस्थापकांपैकी. त्यांनी सशस्त्र क्रांतिकारकांना गळ घातली. क्रांतिकारकांनी नकार दिला. पहारा कडक, मनुष्यबळ तुटपुंजे, आणि शेकडो माणसे गाडीतून उतरवली तरी लपवायची कोठे? व्यवहाराच्या तराजूत हा नकार चुकीचा नव्हता, हे मान्य केले पाहिजे. परंतु पंचविशीतल्या एका ज्यू डॉक्टराला तो मान्य झाला नाही. यूरा लिव्हशित्झ त्याचे नाव. त्याने आपले दोन शाळासोबती गाठले, रोबेर मेस्त्रियो आणि जाँ फ्रँकलमॉन. हे दोघेही ज्यू नव्हते. तिघांत मिळून एक पिस्तूल, काही पकडी आणि लाल कागद गुंडाळलेला एक कंदील. एवढ्या सामग्रीनिशी हे तरुण सायकलींवरून निघाले.

बोर्टमेरबीक आणि हाख्त या गावांच्या दरम्यान रुळांवर तो लाल कंदील ठेवला गेला. चालकाने तो धोक्याचा दिवा समजून गाडी थांबवली. यूराने पिस्तूल झाडून पहारेकऱ्यांना गुंतवून ठेवले आणि मेस्त्रियोने पक्कड घेऊन एका डब्याचे दार उघडले. आतल्या काहींनी उतरण्यास नकार दिला. उतरलात तर गोळ्या घालतील, असे ते इतरांना बजावत होते. तरीही सतरा जण खाली आले. त्यांच्या हाती परतीच्या भाड्यासाठी ५० फ्रँकची नोट ठेवायलाही मेस्त्रियो विसरला नाही. युरोपभर मृत्यूच्या गाड्या धावल्या. पण बंदिवानांना सोडवण्यासाठी त्यांपैकी एखादीवर झालेला असा हल्ला हा एकच.

गाडी पुढे निघाली, पण त्या रात्रीचा प्रतिकार संपला नव्हता. सरहद्द येण्यापूर्वी इतर डब्यांतल्या माणसांनीही स्वतःच दारे-झरोके फोडून उड्या टाकल्या. सव्वादोनशेहून अधिक जणांनी उडी घेतली. त्यांत २६ जण प्राणांस मुकले, बरेच पुन्हा पकडले गेले, पण शंभराहून अधिक जण निसटले.

त्यांच्यात अकरा वर्षांचा सिमॉन ग्रोनोव्स्की होता. त्याच्या वडिलांचे ब्रुसेल्समध्ये चामडी वस्तूंचे दुकान होते. मार्चमध्ये गेस्टापोने घरावर छापा घातला, तेव्हा वडील रुग्णालयात होते. नवरा वारला आहे, असे आईने अधिकाऱ्यांना बेधडक सांगितले, आणि त्या एका खोट्याने वडील वाचले. आई, सिमॉन आणि अठरा वर्षांची बहीण इता बराकीत गेले. इता बेल्जियमची नागरिक असल्याने तिला तूर्त मागे ठेवण्यात आले. विसाव्या गाडीत आई आणि मुलगा. त्यांच्या डब्याचे दार आतल्या माणसांनी उघडल्यावर आईने सिमॉनला खांद्यांना धरून खालच्या पायरीवर उतरवले. गाडीचा वेग कमी झाला तसा त्याने हात सोडला. आई मागून येईल म्हणून तो थांबला. तेवढ्यात गोळीबार झाला. आई आली नाही.

रात्रभर तो रानातून धावत राहिला. सकाळी चिखलाने माखलेला हा मुलगा गावातल्या पोलिसाच्या, यान आर्ट्सच्या, समोर उभा केला गेला. खेळता खेळता वाट चुकलो, असे त्याने सांगितले. आर्ट्सने खरे काय ते ओळखले. जर्मनांना कळवणे हे त्याचे नोकरीतले कर्तव्य होते. त्याने मुलाला जेवू घातले आणि ब्रुसेल्सच्या गाडीत बसवून देण्याची सोय केली. पुढे युद्ध संपत येईपर्यंत कॅथलिक कुटुंबांनी सिमॉनला लपवले. वडील दुसरीकडे दडलेले होते.

पिस्तूल झाडणारा यूरा तेवढा वीर आणि आई ती केवळ दुर्दैवी, अशी विभागणी आम्हाला पटत नाही. यूराने गाडी थांबवली, आईने एक मूल त्या गाडीतून काढले. दोघांनी एकाच आज्ञेचा भंग केला.

सिमॉनला ओळखीची घरे तरी होती. ती नसलेल्या मुलांसाठी त्याच समितीचा बालविभाग राबत होता. अँद्रे ग्यूलँ ही ज्यू नसलेली तरुण शिक्षिका त्यांच्यात होती. मूल कोठे नेले हे आईलाही सांगायचे नाही, हा नियम होता. आईला पकडले तर तिच्या तोंडून पत्ता निघू नये म्हणून. त्या दारात काय होत असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी. मुलाचे खरे नाव एका वहीत, धारण केलेले नाव दुसऱ्या वहीत, पत्ता आणखी एका वहीत. वह्या वेगवेगळ्या ठेवल्या जात आणि केवळ सांकेतिक क्रमांकाने जोडता येत. मूल जिवंत राहावे एवढाच हा आटापिटा नव्हता. उद्या त्याला त्याचे नाव आणि त्याची माणसे परत देता यावीत, हाही होता.

फेब्रुवारी १९४४ मध्ये यूराला ब्रुसेल्स येथे गोळ्या घालण्यात आल्या. त्याचा भाऊ अलेक्झांडर काही दिवस आधीच तसाच गेला होता. मेस्त्रियो आणि फ्रँकलमॉन छळछावण्या भोगून परतले. सिमॉनची आई आउशवित्झहून परतली नाही. इताला सप्टेंबर १९४३ मध्ये तिकडेच पाठवले गेले, तीही नाही. वडील वाट पाहत राहिले आणि १९४५ मध्येच खचून वारले. तेराव्या वर्षी सिमॉन एकटा उरला. राहत्या घराच्या खोल्या भाड्याने देऊन तो शिकला, वकील झाला आणि जवळजवळ साठ वर्षे याविषयी बोलला नाही. २००२ साली त्याने पुस्तक लिहिले. पुढे नाझी कुटुंबात वाढलेले शिल्पकार कूनराड टिनेल त्याचे मित्र झाले. त्यांचा भाऊ डोसाँ बराकीवर पहारेकरी होता. मृत्यूशय्येवर त्याने क्षमा मागितली, आणि सिमॉनने ती केली. ही क्षमा करण्याचा अधिकार त्याचा एकट्याचा. बाहेरच्या कोणी तिची किंमत ठरवू नये.

इताला जॅझ संगीताचे वेड होते. ती गेल्यावर सिमॉन स्वतःच पियानो शिकला. २०२० साली महामारीने ब्रुसेल्सचे रस्ते ओस पडले, तेव्हा अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या या वकिलाने पियानो खिडकीपाशी सरकवला आणि खिडकी उघडून तो वाजवू लागला. शेजारी ऐकायला थांबत.